लाल लघवी आणि बदललेलं एक अक्षर

आजचा भाग थोडा घरचा आहे.

आम्ही वडाळ्याचे. माझे आजोबा गिरणीत रंगखात्यात होते आणि विडीही ओढायचे. रिटायर झाल्यावर एकदा त्यांना लघवी लाल झाली. दुखलं नाही, जळजळलं नाही. घरात निदान झालं: उष्णता. सब्जाचं पाणी सुरू झालं, दोन दिवसांत लघवी साफ, विषय संपला. सहा-सात महिन्यांनी पुन्हा रक्त दिसलं तेव्हा मूत्राशयाचा कॅन्सर स्नायूपर्यंत पोचला होता.

रंगामुळे झालं की विडीमुळे? एका माणसाबद्दल हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही. पण दोन्ही संशयांना इतिहास आहे.

१८९५ साली फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी फ्युक्सिन हा रंग बनवणाऱ्या कामगारांमधला मूत्राशयाचा कॅन्सर नोंदवला. १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये केस आणि सहकाऱ्यांनी बेन्झिडिन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन यांच्यावर बोट ठेवलं. यातलं बीटा-नॅफ्थिलअमाइन तंबाखूच्या धुरातही असतं. असली रसायनं शरीर लघवीवाटे बाहेर टाकतं, आणि लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठून राहते. तिथल्या पेशींच्या डीएनएला तेवढा वेळ पुरतो.

इकडे आमच्या शेजारी, परळला, १९४१ मध्ये टाटा मेमोरियल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. १९५५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत तंबाखू आणि तोंडा-घशाच्या कॅन्सरचा संबंध मांडला. म्हणजे कारणं कळत होती. पेशीच्या आत नेमकं काय बिघडतं, ते मात्र अजून अंधारात होतं.

ते कळलं १९८२ मध्ये, आणि तेही मूत्राशयाच्याच कॅन्सरमधून. टी-२४ नावाच्या पेशी एका स्वीडिश बाईच्या गाठीतून वाढवलेल्या होत्या. वाइनबर्ग, बार्बासिड आणि विगलर यांच्या अमेरिकेतल्या तीन गटांनी त्यांतला एचरास हा जीन शोधला. निरोगी जीनशी ताडून पाहिल्यावर कामाचा फरक निघाला एका अक्षराचा: जी-च्या जागी टी. आम्हा कोडवाल्यांना एका अक्षराने कोसळलेली सिस्टिम नवी नाही, तरी हे वाचून मी गप्प झालो. एचरास म्हणजे पेशीला ‘वाढ’ सांगणारं बटण. त्या एका अक्षराने ते चालूच राहतं. सगळ्या रुग्णांत हाच जीन बिघडतो असं नाही. कित्येकांत एफजीएफआर-३ बदललेला असतो.

पण नुसती वाढ पुरत नाही. १९७१ मध्ये जुडा फोकमन यांनी मांडलं होतं की स्वतःच्या रक्तवाहिन्या मिळवल्याशिवाय गाठ दोन-एक मिलिमीटरच्या पुढे जात नाही. पुढे दिसलं की अडकलेलं रास बटण पेशीकडून व्हीईजीएफ नावाचं प्रथिन जास्त बनवून घेतं, आणि ते नव्या वाहिन्यांना बोलावतं. घाईत उभ्या राहिलेल्या या वाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या असतात. गाठीची नाजूक पृष्ठभागावरची जागा जरा फाटली की रक्त येतं, मग आपोआप थांबतं.

आजोबांचं तसंच झालं. रक्त थांबलं, गाठ थांबली नव्हती.

म्हणून एवढंच मागतो. घरात कुणाला न दुखता, अगदी एकदाच लाल लघवी झाली, तरी सब्जावर भागवू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा कारण साधं निघेल. निघू दे.

भेटू पुढच्या भागात.