सोमवारची छाती

लातूरचा मामेभाऊ नुकताच एमबीबीएस झाला. परवा फोनवर म्हणाला, "दादा, कारखान्यातल्या डॉक्टरकीला स्कोप हाय का रे?" तीन महिन्यांचा एएफआयएच कोर्स करायचा त्याच्या डोक्यात आहे. मी पडलो कॉम्प्युटरवाला, पण किडा चावला आणि अख्खा विकेंड त्यातच गेला.

सुरुवात नांदेडपासून. निजामाच्या राज्यात इथं उस्मानशाही मिल उभी राहिली. 1974 साली आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणात ती सरकारकडे गेली, पुढे बंद पडली. सूतगिरणीचा खास आजार म्हणजे बिसिनोसिस, कापसाच्या धुळीचा. रविवारची सुट्टी घेऊन माणूस सोमवारी कामावर आला की छाती आवळते, आठवडा सरेल तसं बरं वाटतं. मालकाला वाटणार, गडी कामचुकार! वर्षं गेली की मग दम रोजचाच होतो. पेशंटला धंदा विचारा, असं इटलीचा रामाझिनी 1700 च्या सुमारासच सांगून गेला होता. असो.

1948 च्या फॅक्टरी अॅक्टात बिसिनोसिस कळवायच्या आजारांच्या यादीत होता. पण कळवणार कोण? त्यासाठी आधी डॉक्टरनं तो ओळखायला हवा. लॉगमध्ये एरर नाही म्हणजे बग नाही, असं आमच्याकडे पण चालतंच :)

मग 1984 ला भोपाळ झालं आणि 1987 च्या दुरुस्तीत धोकादायक प्रक्रियांसाठी कामगारांची वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली. केंद्राच्या नमुना नियमांत हिशोब असा होता: 50 कामगारांपर्यंत डॉक्टर गरजेपुरता बांधून ठेवायचा, 200 पर्यंत अर्धवेळ, त्यापुढे पूर्णवेळ. म्हणजे नोकरी आजारावरून नाही, तक्त्यावरून निघते!

आणि तक्ता कुठला? जुन्या अॅक्टातली 29 उद्योगांची यादी. त्यात तेल काढणं होतं, डिस्टिलरी होती. सूतगिरणी, जिनिंग, डाळमिल नव्हती. म्हणजे लातुरात सोयाबीनच्या तेलाच्या प्लँटला डॉक्टर लागायचा, आणि शेजारच्या डाळमिलमध्ये तुरीची धूळ खाणाऱ्या हमालाला नाही. जिनिंगचं तर आणखीच अवघड. काम हंगामी, उन्हाळ्यात माणूस गावी जातो, खोकला पण त्याच्यासोबत जातो. रजिस्टर कोरं.

21 नोव्हेंबर 2025 पासून नवा कोड लागू झाला. ठरवून दिलेल्या कामगारांची दरवर्षी फुकट तपासणी त्यात आहे, हे चांगलंच. पण वीज वापरणारा 'कारखाना' व्हायला आधी 10 माणसं पुरायची, आता 20 लागतात.

भावाला म्हटलं, पूर्णवेळ नोकरी हवी तर पुणे-ठाण्याकडे बघ. लातूर-नांदेडला दोन-तीन प्लँटची अर्धवेळ कामं आणि स्वतःचा दवाखाना, असंच जमेल.

तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "दादा, आपल्या गल्लीतले निम्मे लोक डाळमिलीत जातात की रे. दवाखान्यात आले तर धंदा विचारायला कोर्स कशाला लागतोय?"

फॉर्म मात्र भरतोय म्हणे.