मराठी अतिमानवी मालिकांतील खलत्वाचे चित्रण

मराठी अतिमानवी मालिकांतील खलत्वाचे चित्रण म्हणजे भूत, पिशाच, असुर, शाप, करणी, दैवी दृष्टी अशा अलौकिक घटकांवर उभ्या असलेल्या मराठी दूरचित्रवाणी मालिकांमध्ये दुष्ट शक्ती व खलपात्रे ज्या रीतीने साकारली जातात ती पद्धती होय. या चित्रणाचे तीन ठळक प्रकार आढळतात : पुराणकथेतील असुर, अतृप्त मृतात्मा आणि वासना वा लोभ यांमुळे अध:पतित झालेला माणूस. 'जय मल्हार', 'रात्रीस खेळ चाले' आणि 'सातव्या मुलीची सातवी मुलगी' या झी मराठी वाहिनीवरील मालिका अनुक्रमे या प्रकारांची वा त्यांच्या मिश्रणाची उदाहरणे मानता येतात. लोकपरंपरेत भयावह शक्तीला शांत करून गावाच्या व्यवस्थेत स्थान देण्याकडे कल दिसतो, तर मालिकांमध्ये तिच्या संहाराकडे वा अखंड पुनरागमनाकडे कल असतो. या दोन दृष्टींमधील अंतर हा या विषयाचा गाभा आहे.

पार्श्वभूमी

भारतीय दूरचित्रवाणीवर अतिमानवी कथानकांचा प्रवेश दूरदर्शनच्या काळात झाला. १९८५ साली प्रसारित झालेल्या 'विक्रम और बेताल' या हिंदी मालिकेतील वेताळ हा खलनायक नव्हता. राजाच्या विवेकाची परीक्षा घेणारा तो प्रश्नकर्ता होता. पुढे १९९० च्या दशकात खासगी वाहिन्यांवर 'झी हॉरर शो' आणि 'आहट' या मालिका आल्या व विद्रूप चेहरा, किंकाळी आणि अंधार यांवर आधारलेले भय घरोघरी पोहोचले.

मराठीत या प्रकाराला साहित्याचा भक्कम आधार होता. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथेत सुष्ट व दुष्ट शक्तींचा संघर्ष मध्यवर्ती ठेवला. त्यांच्या 'समर्थ' या व्यक्तिरेखेकडे दुष्ट शक्तीला ज्ञानाने व मनोबलाने रोखणारा नायक म्हणून पाहिले जाते. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांमध्ये भय बाहेरून येण्यापेक्षा माणसाच्या मनातून उगवते. मतकरींच्या गूढकथांवर 'गहिरे पाणी' ही मालिका निघाली, तर धारपांच्या 'ग्रहण' या कादंबरीवर आधारित त्याच नावाची मालिका २०१८ मध्ये झी मराठीवर प्रसारित झाली. तिच्यात पल्लवी जोशी यांची प्रमुख भूमिका होती.

लोकपरंपरेतील संकल्पना

महाराष्ट्राच्या लोकसमजुतींत भुतांचे वर्गीकरण त्यांच्या मृत्यूच्या प्रकारावरून केलेले दिसते. मुंज झाल्यावर पण विवाहापूर्वी मेलेला मुलगा 'मुंजा' होऊन पिंपळावर राहतो, बाळंतपणात मेलेली स्त्री 'हडळ' वा 'अळवंतीण' होते, बुडून मेलेला 'गिऱ्हा' होऊन पाण्याजवळ वावरतो, तर ज्याची वासना वा धनाची आसक्ती सुटली नाही तो 'समंध' होतो, असे मानले जाई. रेजिनाल्ड एन्थोव्हेन यांच्या मुंबई इलाख्यातील लोकविद्येवरील १९२४ च्या ग्रंथात अशा अनेक समजुतींची नोंद आहे.

या वर्गीकरणाचा अर्थ असा की, लोकमानसातील भूत हे मुळात दुष्ट नसते. ते अपुरे राहिलेले आयुष्य असते. त्यामुळे त्याच्यावरील उपायही शिक्षेचा नसून इच्छापूर्तीचा, नैवेद्याचा किंवा स्थान देण्याचा असतो. भुतांचा अधिपती मानला जाणारा वेताळ अनेक गावांत पूजला जातो. म्हसोबा हे दैवत शेताच्या वा गावाच्या सीमेवर शेंदूर लावलेल्या तांदळ्याच्या रूपात आढळते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिॲलिटी' (१९६२) या ग्रंथात पुणे परिसरातील लोकदैवतांचा मागोवा घेताना म्हसोबा व महिषासुर यांच्या नात्याची चर्चा केली आहे. एकीकडे देवीने मारलेला असुर आणि दुसरीकडे शेताची राखण करणारा देव, अशी ही दुहेरी ओळख आहे.

मावळ व घाटमाथा

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका हा या लोकदृष्टीचा बोलका नमुना आहे. वेहेरगावजवळ कार्ले लेण्यांच्या प्राचीन चैत्यगृहालगत एकवीरा देवीचे मंदिर आहे. किनारपट्टीवरील कोळी समाजासह अनेक कुटुंबांची ती कुलदेवता आहे. खंडाळ्यात वाघजाईचे स्थान आहे. वाघाच्या भयातून उभ्या राहिलेल्या अशा दैवतांमध्ये भय आणि रक्षण ही एकाच शक्तीची दोन रूपे मानली जातात. विहिरी, ओढे व नदीचे डोह येथे मानल्या जाणाऱ्या साती आसरा या जलदेवतांचेही तसेच आहे. त्या कोपतात आणि सांभाळतातही.

बोरघाटात खोपोलीच्या बाजूस जुन्या मुंबई–पुणे मार्गावर शिंग्रोबाचे मंदिर आहे. घाटाची वाट इंग्रजांना दाखविणाऱ्या एका धनगराला काम झाल्यावर ठार मारण्यात आले, अशी आख्यायिका त्याच्याबद्दल सांगितली जाते. घाट चढणारे वाहनचालक तेथे नमस्कार करतात, नाणे वाहतात. कथेच्या रचनेच्या दृष्टीने ही आख्यायिका महत्त्वाची आहे. अन्यायाने मारला गेलेला माणूस येथे सूड घेणारे भूत झालेला नाही, तर वाटसरूंचा रक्षक झाला आहे. हेच कथाबीज भयमालिकेच्या हाती पडले असते, तर घाटाच्या वळणावर वाहने अडविणारे पिशाच निर्माण होण्याचीच शक्यता अधिक होती.

लोणावळा–खंडाळा परिसरातील दाट धुके, मुसळधार पाऊस, दऱ्या आणि वर्षातील बराच काळ बंद राहणारे बंगले हे भयकथांचे परिचित नेपथ्य झाले आहे. घाटातील अपघातांभोवती भुताटकीच्या वदंता सहज जमतात. प्रत्यक्षात तीव्र उतार, धुके, वेग आणि चालकाचा थकवा ही अपघातांची सर्वज्ञात कारणे आहेत.

खलत्वाचे प्रकार

पुराणकथेतील असुर

कोठारे व्हिजनची निर्मिती असलेली 'जय मल्हार' (२०१४–२०१७) ही मालिका जेजुरीच्या खंडोबाच्या कथेवर आधारित होती. देवदत्त नागे यांनी खंडोबाची, सुरभी हांडे यांनी म्हाळसेची, तर ईशा केसकर यांनी बानूची भूमिका केली. या कथेतील खलपात्रे म्हणजे मणी व मल्ल हे दैत्यबंधू. परंपरेनुसार मणी अखेरीस शरण गेला व त्याला देवाजवळ स्थान मिळाले. मल्लाचे नाव 'मल्हारी' या देवाच्या नावातच सामावले. त्यांच्यावरील विजयाचे स्मरण मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला केले जाते. येथे खलत्वाचा शेवट नाशात न होता सामावून घेण्यात होतो.

'सातव्या मुलीची सातवी मुलगी' ही मालिका सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली व २०२४ पर्यंत चालली. 'त्रिनयनी' या बंगाली मालिकेवरून ती बेतलेली होती. भविष्य दिसण्याची दैवी दृष्टी लाभलेली नेत्रा (तितीक्षा तावडे) आणि घरातच वावरणारा असुर विरोचक यांचा संघर्ष तिच्यात होता. ऐश्वर्या नारकर यांनी रूपाली राजाध्यक्ष या प्रतिष्ठित गृहिणीच्या रूपातील विरोचक साकारला. शिंगे वा सुळे असलेल्या राक्षसाऐवजी पैठणी नेसलेली, गोड बोलणारी आप्त स्त्री खलपात्र होणे, हे या मालिकेचे वैशिष्ट्य ठरले.

पुराणांतील विरोचन हा प्रल्हादाचा पुत्र व बळीचा पिता होय. छांदोग्य उपनिषदात इंद्र व विरोचन हे दोघेही आत्मज्ञानासाठी प्रजापतीकडे जातात. विरोचन देह हाच आत्मा मानून समाधानाने परततो, इंद्र मात्र पुन:पुन्हा प्रश्न विचारीत राहतो. म्हणजे मूळ कथेत विरोचनाचा दोष क्रौर्य हा नसून अपुऱ्या ज्ञानावर थांबणे हा आहे. शिवाय त्याचा पुत्र बळी हा महाराष्ट्रात प्रजेचा आवडता राजा मानला जातो. दिवाळीच्या पाडव्याला त्याच्या राज्याची आठवण काढली जाते, आणि महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथात बळीला न्यायी राजा म्हणून उभे केले. असुरकुळाकडे पाहण्याची ही गुंतागुंत मालिकेच्या सुष्ट–दुष्ट विभागणीत उरत नाही.

अतृप्त मृतात्मा आणि माणूस

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू झाली. राजू सावंत यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेचे चित्रीकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी येथील वाड्यात झाले. नाईक कुटुंबाचे प्रमुख अण्णा यांच्या मृत्यूने पहिल्या पर्वाचा आरंभ होतो आणि वाड्यात जमलेली भावंडे, सुना व नोकर यांच्यात भय व संशय पसरतो. मालमत्तेचा वाद आणि भुताटकी एकमेकांत मिसळल्यामुळे घडणाऱ्या प्रकारांमागे मृतात्मा आहे की माणूस, ही शंका प्रेक्षकाच्या मनात जागी राहते. विज्ञाननिष्ठ सून नीलिमा ही या शंकेची वाहक होती.

जानेवारी २०१९ पासून ऑगस्ट २०२० पर्यंत चाललेल्या दुसऱ्या पर्वात कथा मागे गेली व अण्णा (माधव अभ्यंकर) जिवंतपणी कसे होते हे दाखविण्यात आले. येथे खलत्वाचे मूळ उघडपणे मानवी आहे : जमीनदारीचा माज, स्त्रीलंपटपणा, हिंसा आणि कुटुंबाचा धाक. शेवंता (अपूर्वा नेमळेकर) ही अण्णांच्या वासनेत ओढली गेलेली व स्वत:ही मोहात पडलेली स्त्री, तर माई (शकुंतला नरे) ही सारे सोसणारी पत्नी. २०२१–२२ मधील तिसऱ्या पर्वात अण्णा व शेवंता भुतांच्या रूपाने पडक्या वाड्यात परततात. अशा रीतीने तीन पर्वे एकत्र पाहिल्यास भूत हे माणसाच्या कृत्यांचे उरलेले ऋण ठरते.

दुसरे पर्व संपल्यावर त्याच्या जागी 'देवमाणूस' ही मालिका आली. तिच्यात भूत नव्हते; गावाचा विश्वास संपादन केलेला डॉक्टरच मारेकरी होता. भयाचे केंद्र मृतात्म्याकडून माणसाकडे सरकण्याचा हा पुढचा टप्पा मानता येतो.

कथनतंत्र

दैनंदिन मालिकेच्या रचनेचा खलत्वाच्या चित्रणावर थेट परिणाम होतो. सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकात रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत संपतो आणि असुराचा निकाल त्याच रात्री लागतो. दशावताराच्या पूर्वरंगातील संकासुर तर भयाबरोबर हशाही निर्माण करतो. मालिकेत मात्र प्रत्येक भागाच्या शेवटी उत्कंठा टिकवावी लागते. म्हणून खलपात्राचा पराभव पुढे ढकलला जातो, तो मेला तरी नव्या रूपाने येतो. परिणामी दुष्टता ही संपणारी गोष्ट न राहता कायमची परिस्थिती वाटू लागते.

खलपात्राची ओळख पटविण्यासाठी विशिष्ट पार्श्वसंगीत, डोळ्यांचे निकट दृश्य, एकाच प्रतिक्रियेची पुनरावृत्ती, लाल वा निळा प्रकाश ही साधने वापरली जातात. प्रेक्षकाला खलपात्र कोण हे आधीच ठाऊक असते, घरातील माणसांना नसते; या अज्ञानातून ताण निर्माण होतो.

टीका

'रात्रीस खेळ चाले' सुरू झाल्यावर कोकणाची बदनामी होते व अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, असे आक्षेप घेण्यात आले. एखाद्या प्रदेशाची बोली, वाडे व देवस्की वारंवार भयाशी जोडली गेल्यास तो प्रदेशच संशयास्पद ठरतो, हा या आक्षेपाचा मुख्य आशय आहे. घाटमाथ्यावरील व मावळातील लोकदैवतांनाही हाच धोका संभवतो. राखणदार दैवत पडद्यावर सहज पिशाच बनते.

दुसरा आक्षेप स्त्रीचित्रणाबद्दलचा आहे. हडळीची कल्पना प्रसूतीत मेलेल्या स्त्रीच्या दु:खातून आलेली आहे. पडद्यावर दु:ख गळून जाते व केवळ भय उरते. अत्याचार करणारे अण्णा लोकप्रिय होतात आणि त्यांच्यामुळे उद्ध्वस्त झालेली शेवंता भीतीची मूर्ती होते, यात सहानुभूतीची दिशा उलटते. याच्या बाजूने असेही म्हणता येते की, अण्णांच्या घरातील धाक, मौन व संगनमत इतक्या तपशिलाने दाखविल्यामुळे सरंजामी पुरुषी सत्तेचे रूपही प्रेक्षकांसमोर आले.

कायदेशीर संदर्भ

केबल दूरचित्रवाणी जाळे नियम, १९९४ मधील सहाव्या नियमानुसार अंधश्रद्धेला प्रोत्साहन देणारा कार्यक्रम प्रसारित करता येत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतील नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर त्याच महिन्यात राज्य शासनाने अध्यादेश काढला व डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने संमत केला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळदंडाने बांधणे, एखादी व्यक्ती करणी वा जादूटोणा करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे अशी कृत्ये त्याखाली गुन्हा ठरतात. त्यासाठी ६ महिने ते ७ वर्षे कारावास आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे.

हा कायदा प्रत्यक्ष कृत्यांना लागू होतो. भयकथा सांगणे हा त्याखाली गुन्हा नाही. तथापि, घरातील एखाद्या स्त्रीमध्ये दुष्ट शक्ती वसते हे कथासूत्र आणि शेजारणीवर करणीचा आळ घेण्याची सामाजिक प्रवृत्ती यांतील साम्य लक्षात घेता, कल्पित खलत्व व वास्तवातील छळ यांच्यातील सीमारेषा हा विषय अभ्यासकांच्या व शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

हेही पहा

नारायण धारप
रत्नाकर मतकरी
दशावतार
म्हसोबा
बोरघाट
जादूटोणाविरोधी कायदा