कामाची गाडी, मुक्कामाची गाडी

चाकांवर घर बसवून हौसेने हिंडण्याची रीत युरोपात मोटारीइतकीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम गॉर्डन स्टेबल्स या लेखकाने, जो पूर्वी नौदलात वैद्य होता, 1885 च्या सुमारास ब्रिस्टलच्या एका कारखान्यातून ‘द वाँडरर’ नावाची, घोड्यांनी ओढायची प्रशस्त घरगाडी बांधून घेतली. पुढे 1931 मध्ये जर्मनीत आरिस्ट डेथलेफ्स याने आपल्या भावी पत्नीला, म्हणजे चित्रकार फ्रिडेल एडेलमान हिला, व्यवसायाच्या फिरतीत बरोबर नेता यावे म्हणून मोटारीमागे जोडण्याची एक घरगाडी तयार केली. या दोन्ही गाड्या कल्पक होत्या, पण दोन्हींचा उपयोग फक्त प्रवासापुरता होता आणि उरलेले वर्षभर त्यांना जागा देऊन सांभाळणे भाग होते. ज्या कुटुंबाची ऐपत एकाच गाडीची, आणि तीही पोटापाण्याच्या कामासाठी घेतलेली, त्याला असल्या गाडीचा काही उपयोग नव्हता. रोज कामाला जुंपता येईल आणि सुट्टीत मुक्कामाला नेता येईल अशी एकच छोटी गाडी मालवाहतुकीच्या गरजेतून निर्माण झाली, आणि तिचा पहिला मोठा अध्याय युद्धोत्तर जर्मनीत घडला.

वोल्फ्सबुर्ग येथील फोक्सवागनचा कारखाना युद्धानंतर ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात होता. कारखान्याच्या आवारात सुटे भाग इकडून तिकडे नेण्यासाठी तेथील कामगारांनी ‘बीटल’ मोटारीच्या सांगाड्यावर सपाट फळीची एक साधी सामानगाडी उभी केली होती, जिच्यात चालक मागच्या बाजूला बसत असे. हॉलंडमधील आयातदार बेन पोन याच्या ती नजरेस पडली, आणि 23 एप्रिल 1947 रोजी त्याने आपल्या वहीत एका मालवाहू गाडीचे कच्चे रेखाटन केले: चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे आणि मालाची जागा या दोहोंच्या मध्ये. वहीतले ते पान आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये जपलेले आहे. जानेवारी 1948 मध्ये हाइन्रिख नोर्डहोफ यांनी कारखान्याची सूत्रे हाती घेतल्यावर या कल्पनेला चालना मिळाली. बीटलचा सांगाडा इतके वजन पेलत नाही असे चाचण्यांत आढळल्याने नव्या गाडीचा तळ आणि देह एकसंध बांधण्यात आला, ब्राउन्श्वाइग येथे वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे गाडीला हवेचा किती अडथळा होतो हे मोजण्याच्या यंत्रशाळेत, तिच्या नाकाला गोलाई दिली गेली, आणि मार्च 1950 मध्ये 1131 घनसेंटिमीटरचे, 25 अश्वशक्तीचे इंजिन असलेल्या या गाडीचे नियमित उत्पादन सुरू झाले.

गाडीच्या मांडणीकडे नीट पाहिले पाहिजे, कारण पुढच्या इतिहासाची बीजे तिथेच आहेत. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर 2.40 मीटर, म्हणजे बीटलइतकेच होते. म्हणून ती गल्लीबोळांतून फिरे आणि तिला उभी करायला वेगळी जागा लागत नसे. माल दोन्ही आसांच्या मध्ये पडत असल्याने गाडी रिकामी असो वा भरलेली, तोल फारसा ढळत नसे. इंजिन मागे असल्यामुळे त्याच्यावर एक उंच ओटा तयार होई. मालाच्या दृष्टीने ही अडचणच होती, कारण अवजड खोके मागून सरळ आत ढकलता येत नसे. परंतु पुढे बाकाची पाठ आडवी पाडून त्या ओट्याशी समपातळीत आणली की पाय पसरून झोपण्याएवढी लांबी मिळते हे ध्यानात आले, आणि मालवाहतुकीतला दोष निजण्याच्या सोयीत बदलला. याच गाडीचा ‘कोम्बी’ नावाचा प्रकार, ज्यात खिडक्या होत्या आणि मागील आसने काढता-घालता येत, सुतार, रंगारी, दुकानदार अशा कारागीर-व्यापाऱ्यांसाठीच होता: आठवडाभर सामान, रविवारी घरची माणसे.

वेस्टफालिया या कारखान्याने नेमके हेच सूत्र पुढे नेले. वीडेनब्र्युक गावी 1844 मध्ये स्थापन झालेला हा कारखाना मुळात शेतीची अवजारे आणि गाड्या बनवणारा. 1951 पासून त्याने कोम्बीसाठी एक ‘कॅम्पिंग पेटी’ विकायला सुरुवात केली. तिच्यात बसायचे बाक, त्याचेच बिछान्यात रूपांतर करणाऱ्या गाद्या, कपाट आणि घडीचे टेबल होते. जोडीला दाराच्या आतल्या अंगाला अडकवण्याचे, हात-तोंड धुण्याच्या भांड्याचे छोटे कपाट मिळे. सोमवारी पेटी उतरवून घरात ठेवली की गाडी पुन्हा मालाला मोकळी. या प्रकारच्या वाहनाच्या इतिहासात पुढे छताचे, चुलीचे, पाण्याच्या टाकीचे पुष्कळ शोध लागले, तरी त्या सर्वांपेक्षा ही काढता येणारी पेटी अधिक महत्त्वाची मानली पाहिजे, कारण गाडीचे रोजचे काम न मोडता मुक्कामाची सोय करण्याचा तत्त्वतः पूर्ण उपाय तिच्यात होता.

या पेटीला गिऱ्हाईक मिळण्यासाठी आणखी एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे सुट्टीचा शनिवार. 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत जर्मनीत शनिवार हा बहुतेक कामगारांच्या कामाचाच दिवस होता. जर्मन कामगार संघटनांच्या महासंघाने 1956 च्या मे दिनाला पाच दिवसांच्या आठवड्याची मागणी लावून धरली. त्या मोहिमेच्या प्रसिद्ध भित्तिपत्रकावर एक लहान मूल शनिवारी वडिलांवर आपला हक्क सांगताना दाखवले होते. त्याच वर्षी धातूउद्योगातील आठवडा 48 तासांवरून 45 तासांवर आला आणि 1967 मध्ये तो 40 तासांचा झाला. दोन रात्री हाताशी आल्यावाचून शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या तळ्याकाठी मुक्काम करण्याची कल्पना सामान्य कुटुंबाच्या मनात येणे कठीण होते, म्हणून या गाडीच्या इतिहासात कामगार चळवळीचा वाटा अभियंत्यांच्या वाट्याइतकाच मोलाचा आहे.

ब्रिटनमध्ये हीच गाडी करांच्या चौकटीत घडली. तिथे मोटारींवर जबर खरेदीकर होता. बंद मालवाहू गाड्या त्यातून मुक्त होत्या, पण मागच्या बाजूला खिडक्या काढल्या की ती प्रवासी मोटार ठरून कर लागू होई, शिवाय मालवाहू गाड्यांना ताशी 30 मैलांची वेगमर्यादा पाळावी लागे. निजण्याची व स्वयंपाकाची कायम सोय असलेल्या गाडीला मात्र करमाफी मिळे. त्यामुळे फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर या जुन्या गाडीबांधणी कंपनीने ‘बेडफर्ड सीए’ या लहान व्हॅनवर उभी केलेली ‘डॉर्मोबिल’, जिचे छत एका बाजूच्या बिजागरीवर उघडून पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा तंबू उभा राही, हौशी प्रवाशांइतकीच स्वस्त कौटुंबिक मोटार शोधणाऱ्यांनाही परवडली. 1973 मध्ये खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला तेव्हा ही सवलत संपली. अमेरिकेतही तसेच काहीसे झाले: युरोपशी कोंबड्यांच्या व्यापारावरून झालेल्या भांडणात तिथे हलक्या मालवाहू गाड्यांच्या आयातीवर 25 टक्के कर बसला आणि 1964 पासून फोक्सवागनच्या बंद व्हॅनची आयात तोट्याची झाली, पण आसनांच्या व कॅम्परच्या गाड्या त्या करात सापडल्या नाहीत.

अमेरिकी मागणीने वेस्टफालियाची भरभराट झाली आणि त्याबरोबर गाडीचे स्वरूपही बदलले. काढत्या पेटीच्या जागी पक्के बसवलेले कपाट, बर्फपेटी, पाण्याची टाकी, लाकडी अस्तर आले. उचलले जाणारे छत हा या काळातला खरोखर उपयोगी शोध म्हणावा लागेल, कारण मिटल्यावर गाडी नेहमीच्या उंचीची राहून शहरात वावरू शके. बाकी सोयींनी मात्र तिला हळूहळू कामावरून उठवले. जिच्यात शिडी आणि रंगाचे डबे मावत नाहीत ती गाडी रंगाऱ्याची राहत नाही. इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली असा खुष्कीचा मार्ग धरून 1970 च्या दशकात हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यावर पोचलेल्या गाड्यांमुळे गोव्याला हे वाहन ओळखीचे झाले ते महिनोन्‌महिने चालणाऱ्या भटकंतीचे साधन म्हणून. 1979 मधील इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांमुळे तो मार्ग बंद पडला, पण गाडीची ती प्रतिमा टिकली, आणि तिच्याआड कारागिराची मूळ कोम्बी झाकली गेली.

कोम्बीचे तत्त्व जपानमध्ये अधिक काटेकोरपणे जपले गेले. तिथे 1949 पासून ‘केई’ नावाचा, लांबी-रुंदी व इंजिन यांवर कायद्याने मर्यादा घातलेला छोट्या वाहनांचा वर्ग आहे, ज्याला करात सवलत मिळते. आज ती मर्यादा 3.4 मीटर लांबी, 1.48 मीटर रुंदी आणि 660 घनसेंटिमीटर एवढी आहे. शेतकऱ्याच्या आणि फेरीवाल्याच्या या व्हॅनमध्ये सपाट तळावर फळ्या टाकून रात्र काढण्याची रीत तिथे रुजली, आणि 1993 पासून महामार्गांलगत उभारलेल्या, चोवीस तास वाहनतळ व स्वच्छतागृहे उघडी ठेवणाऱ्या सरकारमान्य विश्रामस्थानांनी तिला आधार दिला. याच केई वर्गातली ‘सुझुकी कॅरी’ 796 घनसेंटिमीटरचे इंजिन घेऊन 1984 मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून भारतात आली आणि पुढे ‘ओम्नी’ या नावाने 2019 पर्यंत बनत राहिली. इंजिन पुढच्या आसनाखाली, सरकती दारे, मागे मोकळा तळ. मुक्कामाच्या गाडीला जे हवे ते सर्व तिच्यात होते. महाराष्ट्रात तिने शाळेची मुले नेली, रुग्ण नेले, मालही नेला. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा फेरफार मालकाला करता येत नाही, म्हणून छत कापून उंच करणे किंवा आसनांच्या जागी पक्के कपाट बसवणे इथे परवानगीवाचून शक्य नाही. त्या मर्यादेत बसणारा मार्ग वीडेनब्र्युकच्या कारखान्याने 1951 मध्येच दाखवला होता: गाडीला हात न लावता शनिवारी आत ठेवायची आणि सोमवारी उतरवायची पेटी.