हाडांचा हिशेब

आईच्या लोखंडी ट्रंकेत, रेशनकार्ड आणि घरपट्टीच्या पावत्यांखाली, तिच्या हाडांच्या घनतेचे तीन रिपोर्ट आहेत. २०१५, २०१७ आणि २०१९ सालचे. कण्याचा टी-स्कोअर पहिल्यावर उणे २.४, दुसऱ्यावर उणे २.७ आणि तिसऱ्यावर उणे २.१. पहिल्या वेळी तिथल्या नर्सने तिला कन्नडमधून समजावले होते. घरी येऊन आई म्हणाली, "एलुबु ठिसूळ झालेत म्हणे." निम्मे वाक्य त्यांच्या भाषेत, निम्मे आपल्या. गोळ्या मात्र नकोत, हा तिचा हट्ट. दुसऱ्या दिवसापासून सकाळी नाचण्याची आंबील, जेवणात तिळाची चटणी, कोवळ्या उन्हात फेरी आणि गल्लीतल्या बायकांबरोबर योगासने सुरू झाली. दोन वर्षांनी आकडा घसरला तेव्हा ती धड जेवेना. आणखी दोन वर्षांनी तो चढला तेव्हा तिने पेढे वाटले.

दोन्ही वेळा ती चुकली होती, आणि तिच्याबरोबर आम्हीही. कुठे, ते समजून घेण्यासाठी मी या आकड्याचा इतिहास चाळू लागलो.

'ऑस्टिओपोरोसिस' हा शब्द स्ट्रासबर्गच्या लोब्स्टाइन या विकृतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ केला. पण म्हातारपणी हाडे झिजायचीच, अशीच पुढे शंभर वर्षे समजूत होती. बोस्टनच्या फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ साली पासष्टीच्या आतले असे ४२ रुग्ण नोंदवले, आणि त्यांतल्या ४० स्त्रियांची पाळी गेलेली होती. दुखणे वयाचे कमी आणि संप्रेरकाचे जास्त, हे तिथे उघड झाले. मोजायचे कसे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. साध्या क्ष-किरण चित्रात हाड विरळ दिसू लागते तोवर त्यातला सुमारे तिसरा हिस्सा गेलेला असतो. विस्कॉन्सिनच्या कॅमेरॉन आणि सोरेन्सन यांनी १९६३ मध्ये किरणोत्सारी आयोडिनचा बारीक झोत हातातून पाठवून पलीकडे किती पोचतो ते मोजले. त्याच वाटेने १९८७ मध्ये दोन ऊर्जांच्या क्ष-किरणांचे डेक्सा यंत्र बाजारात आले.

यंत्र आकडा देते, निकाल देत नाही. तो देणारी रेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने आखली. गट १९९२ मध्ये रोमला बसला, अहवाल १९९४ मध्ये निघाला. तरुण स्त्रियांच्या सरासरीपासून उणे २.५ किंवा त्याखाली गेले की ऑस्टिओपोरोसिस. मोजदाद गोऱ्या स्त्रियांची होती आणि रेषेचे मुख्य काम लोकसंख्येत रोग किती ते ठरवण्याचे होते. शिवाय हे यंत्र हाडाची जाडी मोजत नाही, फक्त सावलीचे क्षेत्रफळ पाहते. त्यामुळे आमच्या आईसारख्या लहान चणीच्या बाईचे हाड आहे त्याहून विरळ भासते. उणे २.४ आणि उणे २.५ यांच्यामध्ये निसर्गाने काही कुंपण घातलेले नाही. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

आता दुसरा रिपोर्ट. तो वेगळ्या गावी, वेगळ्या कंपनीच्या यंत्रावर काढलेला. एकाच माणसाचे ग्रॅममधले आकडे दोन कंपन्यांच्या यंत्रांवर दहा टक्क्यांहून जास्त फरकाने येऊ शकतात. एकाच यंत्रावरही साधारण तीन ते पाच टक्क्यांच्या आतला बदल खरा की मोजणीतला, हे सांगता येत नाही. म्हणजे तिने अन्न टाकले ते ज्या घसरणीपायी, ती घसरण होती की नव्हती हेच कुणी सांगू शकत नव्हते.

तिसऱ्या रिपोर्टची गोष्ट वाईट. तो पाहून नव्या डॉक्टरांनी अभिनंदन केले नाही, आईला भिंतीला टेकून उभे केले. "आजी, उंची किती होती तुमची?" तेव्हा मला फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा आठवला. वर्षभर ती तो मला काढायला सांगत होती. बाजूने क्ष-किरण चित्र काढले तेव्हा कमरेचा एक मणका चेपलेला दिसला. चेपलेल्या मणक्यात खनिज तेवढेच, पण सावली आखूड, म्हणून घनता वाढलेली दिसते. आम्ही पेढे वाटले ते मोडलेल्या हाडाचे.

मग आंबील वाया गेली का? शंभर ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, ते खरेच आहे. ऊनही खरे. बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये अतिनील दिव्याने मुलांचा मुडदूस बरा करून दाखवला. पण तो किरण कोवळ्या उन्हात नावालाच असतो, खरा दुपारच्या आसपास. भार पेलल्याने हाड घडते हे वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले होते. पण योगासनांचे काय? मेयो क्लिनिकने १९८४ मध्ये हाडे विरळ झालेल्या ५९ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या नऊपैकी आठजणींचे मणके नव्याने चेपले होते, मागे ताणणाऱ्या पंचवीसपैकी चौघींचे. गट लहान, तरी मी ते आईला वाचून दाखवले नाही. पायाची बोटे धरून दाखवण्यात ती गल्लीत पहिली होती. तेच कारण, असे म्हणता येत नाही. नाही असेही म्हणता येत नाही.

तिला आता वर्षातून एकदा शिरेतून औषध देतात. आंबील चालू आहे, वाकणे बंद. डॉक्टर कण्याचा आकडा सोडून खुब्याचा पाहतात, त्याच यंत्रावरचा, ग्रॅममधला. आणि दर पाडव्याला मी स्वयंपाकघराच्या चौकटीशी आईला उभी करून पेन्सिलीने रेघ ओढतो. तिथेच खाली माझ्या मुलीच्या उंचीच्या रेघा आहेत. यंदा आजीची रेघ जुन्या रेघेवरच आली, आणि नातीची तिला जाऊन भिडली.