फोटो तिचा, नाव दुसऱ्याचे! महिला फोटोग्राफर एकमेकींना साथ का देतात?

दरवर्षी ऑगस्ट महिना उजाडला की जुने कृष्णधवल फोटो फॉरवर्ड होऊ लागतात. १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर फडकणारा तिरंगा, कबुतर उडवणारे पंडित नेहरू, गांधीजींची अंत्ययात्रा. यातले अनेक गाजलेले फोटो होमाई व्यारावाला यांनी काढले आहेत. फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असते?

फोटो सगळ्यांनी पाहायचा आणि काढणारीचे नाव कुणालाच माहीत नसायचे, ही महिला फोटोग्राफरांची जुनी अडचण आहे. जगभरात त्यांनी एकमेकींसाठी जे गट, प्रदर्शने आणि याद्या तयार केल्या, त्यामागे हेच मोठे कारण आहे. हा प्रवास थोडक्यात समजून घेऊया.

होमाईंचे फोटो पतीच्या नावाने का छापले जात?

होमाई यांचा जन्म १९१३ साली नवसारीतल्या पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या. कॅमेरा हाताळायला शिकवला तो माणेकशा व्यारावाला यांनी, ज्यांच्याशी पुढे त्यांचे लग्न झाले. १९३०च्या दशकात मुंबईतल्या नियतकालिकांत त्यांचे फोटो येऊ लागले. मात्र सुरुवातीचे अनेक फोटो माणेकशांच्या नावाने छापले गेले. अनोळखी बाईच्या कामाला किंमत मिळत नव्हती, पुरुषाच्या नावावर तेच काम चालत होते.

पुढे त्यांनी ‘डालडा १३’ हे टोपणनाव घेतले. जन्म १९१३चा, माणेकशांची भेट तेराव्या वर्षी आणि पहिल्या गाडीचा नंबर ‘डीएलडी १३’, अशी त्यामागची गंमत. १९४२ साली त्या दिल्लीला गेल्या. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन सायकलवरून त्या कामाला जात. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांची ओळख आहे.

१९७० साली त्यांनी हे काम कायमचे थांबवले. त्यानंतर बरीच वर्षे त्या विस्मरणात गेल्या होत्या. त्यांना पुन्हा लोकांसमोर आणण्यात मोठा वाटा होता सबीना गडीहोक या कॅमेरा हाताळणाऱ्या अभ्यासक बाईंचा. १९९८ साली गडीहोक यांनी ‘थ्री विमेन अँड अ कॅमेरा’ हा माहितीपट केला. त्यात होमाईंसोबत शीबा छाछी आणि दयानिता सिंग या पुढच्या पिढीतल्या दोघी होत्या. २००६ साली गडीहोक यांचे होमाईंवरचे पुस्तक आले. २०११ साली होमाईंना पद्मविभूषण मिळाले आणि जानेवारी २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

दोन जुळ्या बहिणींची गोष्ट

होमाईंच्याच पिढीत मनोबिना आणि देबलीना या जुळ्या बंगाली बहिणी होत्या. त्यांचा जन्म १९१९चा. बाराव्या वाढदिवसाला वडिलांनी दोघींना एकेक कॅमेरा दिला. दोघी एकमेकींचे फोटो काढत, एकमेकींच्या चुका दाखवत शिकल्या. त्यांचे फोटो प्रदर्शनांत लागले, मासिकांत छापून आले.

मनोबिना यांचे लग्न दिग्दर्शक बिमल रॉय यांच्याशी झाले आणि त्या पुढे मुंबईत स्थायिक झाल्या. लंडनच्या रस्त्यांवरच्या माणसांचे त्यांनी टिपलेले फोटो पाहिले, तर ही हौस नव्हे, तयार नजर आहे हे लगेच कळते. तरीही बराच काळ त्यांची ओळख ‘बिमलदांची पत्नी’ एवढीच राहिली.

असे प्रयत्न नेमके कधीपासून होत आहेत?

त्यासाठी थोडे मागे, अमेरिकेत जावे लागेल. फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन या वॉशिंग्टनमध्ये स्टुडिओ चालवणाऱ्या फोटोग्राफर. १८९७ साली त्यांनी एका महिला मासिकात लेख लिहून बायका फोटोग्राफीवर पोट कसे भरू शकतात, हे सांगितले.

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी त्यांनी आणखी मोठे काम केले. देशभरातल्या महिला फोटोग्राफरांना पत्रे लिहून त्यांचे फोटो आणि स्वतःविषयीची माहिती मागवली. जवळपास तीस जणींचे काम त्या पॅरिसला घेऊन गेल्या. पुढे हे फोटो रशियातही दाखवले गेले. एकटीचे काम मिरवण्याऐवजी त्यांनी सगळ्यांची नावे सोबत नेली.

आज कोणते गट काम करतात?

* राविया: मध्यपूर्वेतल्या महिला फोटोग्राफरांनी २००९ साली सुरू केलेला गट. ‘राविया’ म्हणजे अरबीत गोष्ट सांगणारी.
* विमेन फोटोग्राफ: डॅनिएला झॅलकमन या अमेरिकी फोटोग्राफरने २०१७ साली सुरू केलेली संस्था. शंभरहून अधिक देशांतल्या एक हजारांहून जास्त फोटोग्राफरांची यादी तिच्याकडे आहे.
* ब्लॅक विमेन फोटोग्राफर्स: पॉली इरुंगू यांनी २०२० साली सुरू केलेला कृष्णवर्णीय महिला फोटोग्राफरांचा गट.

यादी करून काय साधते?

बातमीच्या फोटोचे काम बहुतेक वेळा जाहिरात देऊन दिले जात नाही. घटना घडली की संपादक ओळखीच्या माणसाला फोन लावतो. हा ओळखीचा माणूस बहुधा पुरुषच असतो. २०१५ साली जगभरातल्या १,५५६ वृत्तछायाचित्रकारांची पाहणी झाली, त्यात स्त्रिया होत्या सुमारे १५ टक्के.

‘बायका या कामात मिळतच नाहीत’ हे नेहमीचे उत्तर. शहर आणि देशाप्रमाणे लावलेली यादी समोर ठेवली की हे उत्तर देता येत नाही. विमेन फोटोग्राफने आणखी एक साधा उपाय केला. मोठ्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावरचा मुख्य फोटो कुणाचा, हे रोज मोजून आकडे जाहीर केले. त्यामुळे तक्रारीला हिशेबाची जोड मिळाली.

याशिवाय अशा गटांत मिळणारी मदत अगदी रोजच्या कामाची असते. अनुभवी फोटोग्राफर नवखीचे काम पाहून कोणते फोटो ठेवायचे, कोणते काढायचे हे सांगते. कुठल्या कामाचे किती पैसे मागावेत हे कळते. कुठे, कुणासोबत काम करताना सावध राहायचे, हेही एकमेकींना सांगता येते. काही संस्था प्रकल्पासाठी किंवा प्रवासासाठी पैसेही देतात.

भारतातला कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटो काढणारी व्यक्ती हीच त्याची ‘कर्ता’ असते. फोटोचे हक्क विकले, तरी ‘हे काम माझे आहे’ असे सांगण्याचा अधिकार कलम ५७ नुसार तिच्याकडेच राहतो. म्हणजे इंटरनेटवर सापडलेला फोटो नाव काढून वापरणे हा निव्वळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही.

तुम्ही काय करू शकता?

* फोटो शेअर करण्याआधी शक्य असेल तिथे परवानगी घ्या. नाव कॅप्शनमध्ये लिहा, नुसते टॅग करून थांबू नका.
* नाव किंवा वॉटरमार्क कापून फोटो पुढे पाठवू नका.
* फोटोग्राफर माहीत नसेल, तर रिव्हर्स इमेज सर्च करून मूळ फोटो शोधा.
* लग्न, मुंज, बारसे किंवा संस्थेच्या कार्यक्रमासाठी फोटोग्राफर शोधताना महिला फोटोग्राफरांचेही काम पाहा. आवडले तर तिचे नाव दुसऱ्यांना सुचवा.
* तुम्ही स्वतः फोटो काढत असाल, तर प्रत्येक फोटोसोबत नाव, तारीख आणि ठिकाण नोंदवा. सोशल मीडियावर टाकल्यावर फाइलमधली ही माहिती बऱ्याचदा निघून जाते, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा.
* मैत्रिणीच्या फोटोखाली ‘मस्त’ लिहिण्यापेक्षा नेमके काय आवडले ते लिहा. तिला पुढच्या फोटोसाठी त्याचा उपयोग होईल.

आणि एक काम घरातले. जुना अल्बम काढा आणि त्यातले फोटो कुणी काढले, हे मोठ्यांना विचारा. एखादी आत्या किंवा मावशी बहुतेक फोटोंत दिसत नसेल, तर कदाचित कॅमेरा तिच्याच हातात होता. तसे असेल तर फोटोच्या मागे तिचे नाव लिहून ठेवा.