माणिकबागेतल्या खुर्च्या

आपल्या मंडळात किल्ले, बारवा, शिलालेख, समाध्या यांवर पुष्कळ टिपणं वाचून झाली. खुर्चीवर कुणी लिहिलं नव्हतं. मी विषय सांगितला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलंच, "अहो, खुर्चीला कसला आलाय इतिहास?"

प्रश्न रास्त आहे. चिंताकीत काय किंवा औराद तालुक्यातल्या कुठल्याही गावात काय, जुन्या घरात बसायची सोय म्हणजे जमीन. घोंगडं, सतरंजी, पाहुणा मोठा असला तर गादी नि लोड. लाकडाचं म्हणाल तर पाट, चौरंग, बाज, पाळणा आणि भिंतीतलं फडताळ. खुर्ची घरात आली ती कचेरीच्या आणि शाळेच्या वाटेनं. शब्दही बाहेरचाच. अरबी 'कुर्सी' फारसीतून दख्खनेत आली, मराठीत 'खुर्ची' झाली, कन्नडात आणि तेलुगूत 'कुर्ची'. आमच्या सीमेवर तीन भाषांचं बाकी कशावर जमो न जमो, खुर्चीच्या नावावर एकमत आहे!

पण एका मराठी घराण्यानं खुर्ची, पलंग, दिवा, गालिचा यांचा विचार पार टोकाला नेला होता, आणि तो इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. हे घराणं इंदूरच्या होळकरांचं. अहिल्याबाईंचे घाट आणि देवळं सगळ्यांना ठाऊक असतात. त्याच गादीवरचे शेवटचे सत्ताधारी महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा माणिकबाग राजवाडा मात्र युरोपातल्या संग्रहालयांना जास्त ठाऊक आहे.

यशवंतरावांचा जन्म १९०८ चा. वडील तुकोजीराव (तिसरे) यांना बावला खून प्रकरणानंतर १९२६ साली गादी सोडावी लागली. मुलगा तेव्हा अल्पवयीन होता, त्यामुळे राज्याचे पूर्ण अधिकार त्यांना १९३० मध्ये मिळाले. शिक्षण इंग्लंडात, ऑक्सफर्डला. पत्नी संयोगिताबाई कागलच्या, म्हणजे आपल्यासारख्याच सीमेवरच्या मुलखातल्या. ऑक्सफर्डच्या दिवसांत यशवंतरावांची ओळख एका तरुण जर्मन वास्तुविशारदाशी झाली. त्याचं नाव एकार्ट मुथेसियस. जन्म १९०४, म्हणजे दोघेही विशीतलेच. एकार्टचे वडील हर्मान मुथेसियस हे इंग्लिश घरांवरच्या ग्रंथामुळे प्रसिद्ध होते आणि १९०७ साली जर्मनीत कलाकार नि कारखानदार यांना एकत्र आणणारी 'वेर्कबुंड' ही संस्था निघाली, तिच्यामागच्या प्रमुख मंडळींपैकी एक होते. म्हणजे यंत्रानं बनवलेली वस्तूही देखणी असू शकते, हा वाद या मुलानं घरीच ऐकलेला होता.

१९३० ते १९३३ या काळात माणिकबाग उभा राहिला. बाहेरून पाहिलं तर साधी, सपाट, नक्षी नसलेली इमारत. राजवाडा म्हणून दाखवला तर कुणी विश्वास ठेवणार नाही. खरा राजवाडा आत होता. लाकडी कोरीवकाम नाही, झुंबरं नाहीत, सोन्याचा मुलामा नाही. त्याऐवजी काच, क्रोमचा मुलामा दिलेला धातू, रंगीत भिंती आणि वातानुकूलनाची सोय. बरंचसं सामान जर्मनीत तयार होऊन बोटीनं आलं.

मुथेसियसनं स्वतः रेखाटलेल्या वस्तूंतली मला सगळ्यांत आवडते ती वाचनालयातल्या आरामखुर्च्यांची जोडी. लाल रेक्झिनसारख्या कृत्रिम कातड्यानं मढवलेली भक्कम चौकोनी खुर्ची, आणि तिच्या पाठीतच दिवे बसवलेले. माणूस बसला, पुस्तक उघडलं, की उजेड खांद्यावरून पानावर. कंदील जवळ ओढायला नको, नोकराला हाक मारायला नको. वाचणाऱ्या माणसाची गरज ओळखून केलेली वस्तू आहे ही, नुसता दिमाख नाही.

बाकीची यादी म्हणजे त्या काळातल्या युरोपची हजेरीच. महाराजांच्या अभ्यासिकेसाठी पॅरिसच्या एमिल-जाक रूलमानचं आबनुशी लाकडाचं काम. लुई सोन्यो आणि शार्लोत अलिक्स या जोडीचा धातू आणि काचेचा पलंग. इव्हान द सिल्व्हा ब्रून्सचे गालिचे. प्युइफोर्काची चांदीची भांडी. बर्लिनच्या लुकहार्ट बंधूंच्या वाकवलेल्या नळीच्या खुर्च्या. ल कॉर्ब्युझिए, पिएर जानरे आणि शार्लोत पेरियाँ यांची १९२८ ची लांब आरामखुर्ची, हिला इथं चक्क बिबट्याचं कातडं घातलं होतं. आणि आयलीन ग्रेची 'ट्रान्झॅट'. अटलांटिक पार करणाऱ्या बोटींच्या डेकवर ज्या खुर्च्या असत त्यांवरून हे नाव. लाखेचं रोगण दिलेली लाकडी चौकट, सांध्यांवर धातूच्या पट्ट्या, आणि चौकटीला झोळीसारखी टांगलेली कातडी बैठक. आपल्याकडची कापडी आरामखुर्ची ज्यानं पाहिली आहे त्याला ती परकी वाटणार नाही.

इथं बीदरच्या किल्ल्यातला रंगीन महाल आठवणं साहजिक आहे. तिथले कोरलेले लाकडी खांब आणि काळ्या दगडात जडवलेले शिंपले पाहिले की श्रीमंती म्हणजे हाताचं काम, जितके दिवस जास्त तितका मान जास्त, हे कळतं. रूलमान अजून त्याच परंपरेतला म्हणायचा, महागडं लाकूड नि बारीक कारागिरी. मुथेसियस आणि नळीच्या खुर्चीवाले मात्र उलट सांगत होते. मार्सेल ब्रॉयरनं १९२५ च्या सुमारास देसाऊच्या बाउहाउसमध्ये सायकलचं हँडल बघून पोलादी नळीची खुर्ची केली. तिला सुताराची गरजच नव्हती. अशा खुर्च्या स्वस्तात, हजारोंनी निघाव्यात असा त्यामागचा विचार होता, आणि तो भारतात पोचला तो एका संस्थानिकाच्या दिवाणखान्यात! हा विरोधाभास दुर्लक्षून चालणार नाही. जगभर मंदी चालू असताना झालेला हा खर्च शेवटी माळव्याच्या रयतेच्या घामाचा होता. कौतुक करताना मी तरी तेवढं मनात ठेवतो.

सामान्यांच्या घरात आधुनिक सामान आलं ते दुसऱ्या दारानं. मुंबईत लालबागला १८९७ साली कुलपांनी सुरुवात केलेल्या गोदरेजनं १९२३ मध्ये पोलादी कपाट काढलं. पुढे आपल्याकडे 'गोदरेज' हा कपाटाचाच प्रतिशब्द झाला, मग ते गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात का बनवलेलं असेना. लग्नाच्या मांडवात दिसणारी घडीची लोखंडी खुर्ची ब्रॉयरच्या खुर्चीची दूरची नातलगच. ब्रॉयरला हवं होतं ते तिनं करून दाखवलं, फक्त तिचं चित्र कुठल्या संग्रहालयाच्या पुस्तकात छापून येत नाही.

माणिकबागेचा सुखाचा काळ थोडकाच ठरला. महाराजांचे पॅरिसमधले सल्लागार आँरी-पिएर रोशे यांच्या मध्यस्थीनं शिल्पकार ब्रांकुशीचे तीन 'पक्षी' होळकरांनी घेतले होते, एक पितळी झळाळीचा, एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवराचा. त्यांच्यासाठी इंदुरात ध्यानमंदिर बांधायचं ठरलं. १९३७ साली संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, वयाची पंचविशीही झाली नव्हती. त्याच हिवाळ्यात ब्रांकुशी इंदूरपर्यंत आला, पण मंदिर काही झालं नाही. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं. १९६१ साली यशवंतराव गेले.

मग पांगापांग. संगमरवरी पक्षी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयानं घेतले, ते कॅनबेराला आहेत. पितळी पक्षी अमेरिकेत पासाडेनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात. राजवाडा सरकारकडे गेला आणि तिथं सीमाशुल्क व उत्पादनशुल्क खात्याची कचेरी आली. मे १९८० मध्ये सदबीजनं माँटे कार्लो इथं माणिकबागेतल्या सामानाचा लिलाव केला. लाल खुर्च्या, दिवे, पलंग, सगळं जगभरच्या संग्राहकांकडे गेलं. २०१९ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या सजावट कला संग्रहालयानं यातल्या अनेक वस्तू पुन्हा जमवून मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा माणिकबाग बघायला लोक पॅरिसला गेले.

हे कायद्यानं अडवता आलं नसतं का, असं लगेच मनात येतं. आपला पुरावस्तू कायदा १९७२ चा. त्यात पुरावस्तू ठरायला वस्तू किमान शंभर वर्षांची लागते, हस्तलिखितांसारख्या कागदपत्रांना पंच्याहत्तर वर्षांची सवलत आहे. माणिकबागेतलं सामान लिलावाच्या वेळी पन्नाशीचं होतं. कायद्याच्या लेखी ते जुनं फर्निचर, बस्स. ते शंभरीत जाईल २०३० नंतर. चंदीगडचंही तेच झालं. पिएर जानरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या सागवानी, वेताच्या खुर्च्या भंगारात निघाल्या आणि परदेशी लिलावांत मोठ्या किमतीला गेल्या. मग २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं त्यांच्या विक्रीवर बंदीचा आदेश काढला.

दगडाची वास्तू पडते, पण जागा सोडत नाही. लाकूड नि लोखंड रातोरात ट्रकमध्ये चढतं. आपल्या भागातले वाडे उतरवले जातात तेव्हा आधी खांब, तुळया, चौकटी आणि दरवाजे विकले जातात, हे मी गेली काही वर्षं बघतोय. त्यांतलं काही शंभर वर्षांपुढचं असेलही, पण तारीख कुठं कोरलेली नसते आणि सुताराचं नाव तर नसतंच. मुथेसियसच्या बाबतीत निदान रेखाटनं, फोटो आणि नाव तरी मागं राहिलं. त्याच्या खुर्च्या प्रत्यक्ष जोडणाऱ्या हातांची नावं मात्र तिकडच्या पुस्तकांतही मला सापडली नाहीत.

म्हणून मंडळाच्या वाडे-नोंदणीच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवायला सांगितलाय. घरातल्या हलवता येण्याजोग्या वस्तू: लाकूड कुठलं, सांधे खुंटीचे की खिळ्यांचे, लांबी-रुंदी किती, घरातल्या वडीलधाऱ्यांना सुतार कुठल्या गावचा आठवतो. तिजोरी, कपाट, कचेरीतून आलेली हातांची खुर्ची, सगळं लिहायचं. फोटो काढताना वस्तू उलटी करून तळाकडचाही एक घ्यावा, कारण दुरुस्तीच्या खुणा आणि कधी कधी दुकानाचा शिक्का तिथंच असतो.