देवळाचा पैसा कोठे ठेवावा?

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी आपण देवळाच्या भिंती, घंटा, वेदी आणि थोर धर्मगुरू यांचे कृतज्ञतेने स्मरण करतो. परंतु दानपेटीत पडलेला पैसा पुढे कोठे गेला आणि त्याने कोणाचे बरे किंवा वाईट केले, हा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही.

पुणे शहरातील पहिले कॅथोलिक देऊळ दानाच्या भूमीवर उभे राहिले. 1792 साली सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतील कॅथोलिक शिपायांच्या उपासनेसाठी ही जागा दिली. तीवर व्याज नव्हते, की गहाणखत नव्हते. पुढे याच पुणे जिल्ह्यात कर्जाचे दुसरे रूप दिसले. 12 मे 1875 रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने लुटली व कर्जरोख्यांची होळी केली. दंगा निंद्य खरा. पण ज्या व्याजाने माणसे त्या थरास गेली, ते व्याज काय निंद्य नव्हते?

व्याजाचा हा प्रश्न पवित्र सभेस नवा नव्हता. 1462 साली इटलीतील पेरुजा येथे फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेने गरिबांसाठी तारणावर कर्ज देणारी पेढी निघाली. खर्च भागविण्यापुरते शुल्क ती घेई, आणि त्यावरही पंडितांत कडाक्याचा वाद माजला. अखेर 1515 साली पाचव्या लॅटरन परिषदेने अशा पेढ्यांस मान्यता दिली. 1745 साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी आपल्या परिपत्रकात अन्याय्य व्याजाचा पुन्हा निषेध केला.

हिंदुस्थानात या विचारास हातपाय फुटले ते 1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर. जर्मन जेज्वीट फादर हॉफमन यांनी 1909 साली छोटा नागपुरातील आदिवासी ख्रिस्तजनांसाठी पतसंस्था काढली. आपल्या मराठी भाषेच्या मुलुखातील उदाहरण तर याहूनही जवळचे आहे. 1918 साली वसईत मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथोलिक पतपेढी स्थापन झाली. तीच आजची बसीन कॅथोलिक सहकारी बँक. गावच्या माणसाची बचत गावच्याच माणसाच्या गरजेला लावावी, ही अशा पतपेढीची साधी रीत. प्रस्तुत लेखकाच्या मते वसईकरांच्या कित्येक कीर्तिस्तंभांपेक्षा ही हिशेबाची वही अधिक बोलकी आहे.

मात्र सहकाराचे नाव घेतले म्हणजे पैसा सुरक्षित झाला, असे मुळीच नव्हे. पुण्यात 1912 साली स्थापन झालेल्या रुपी सहकारी बँकेवर 2013 साली रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले व 2022 साली तिचा परवाना रद्द केला. पेन्शनीवर जगणाऱ्या ठेवीदारांनी ती वर्षे कशी काढली असतील, याची कल्पनाच करावी. विधवेची दमडी सांभाळणे हेही धर्मकृत्यच आहे. म्हणून बँकेचा ताळेबंद वाचता येणारा श्रावक धर्मग्रामाच्या अर्थसमितीवर असलाच पाहिजे. ही समिती नेमणे 1983 च्या धर्मविधिसंहितेने प्रत्येक धर्मग्रामास बंधनकारक केले आहे. ती कागदावरच राहू नये.

नोव्हेंबर 2022 मध्ये सामाजिक शास्त्रांच्या परमधर्मपीठीय अकादमीने श्रद्धावंत गुंतवणूकदारांसाठी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. युद्धसाहित्य, माणसाची विटंबना करणारे धंदे अशा व्यवहारांतून आपला पैसा काढून घ्यावा, आणि जेथे भागीदारी आहे तेथे चालकांस जाब विचारावा, असा तिचा आशय आहे. परदेशांतील श्रीमंत धर्मसंघांस हे सहज लागू पडते. आपली गोष्ट निराळी. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासाला 1950 च्या कायद्याचे पस्तिसावे कलम लागू होते: निधी सामान्यतः अनुसूचित बँकेत, टपाल खात्याच्या बचत बँकेत, मान्य सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांत ठेवावा.  परंतु या बँकांपैकी कोणती निवडावी, हे तर आपल्याच हाती आहे. ती बँक आपल्या ठेवीतून कोणास कर्ज देते, रिक्षावाल्यास, शिलाईयंत्र घेणाऱ्या बाईस, की केवळ बड्या बिल्डरास, हा प्रश्न ठेवपावती नवी करण्याच्या दिवशी शाखाधिकाऱ्यास विचारता येतो. वार्षिक सभेत तेथील सभासदासही तो विचारता येतो. तो विचारल्याची नोंद धर्मग्रामाच्या वहीत झाली, तर पुढच्या ज्युबिलीचा इतिहासकार तीही वाचील.